ऑक्सफर्ड ते पंचहौद : एका इंग्रज धर्मचळवळीची मराठी बाजू



आपल्या मांद्रेत काय किंवा साऱ्या पेडणे महालात काय, इगर्जीत मेणबत्त्या पेटतात, धूप जळतो, पाद्री भरजरी झगा घालतो, फेस्ताला सायबिणीची मूर्ती मिरवतात, याचे कोणाला नवल वाटत नाही. खुरसापुढे लादाईन असली की हिंदू शेजारीही जाऊन उभा राहतो. पण याच मेणबत्त्यांसाठी आणि याच धुपासाठी सुमारे दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडात पाद्री तुरुंगात गेले, असे सांगितले तर बऱ्याच जणांना खरे वाटणार नाही. ते खरे आहे. त्यामागे एक मोठी चळवळ होती. तिला ‘ऑक्सफर्ड चळवळ’ म्हणतात.

ही चळवळ इंग्लंडातच राहिली असती तर आम्ही तिच्यावर लिहायला बसलो नसतो. तिची लाट मुंबई-पुण्यापर्यंत आली. नीळकंठशास्त्री गोरे आणि पंडिता रमाबाई या दोन मोठ्या मराठी व्यक्तींचे आयुष्य तिने बदलले. याच चळवळीतून आलेल्या मिशनच्या आवारात चहा घेतल्यामुळे लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यावर प्रायश्चित्ताचा प्रसंग आला. शाळेच्या पुस्तकात ‘पंचहौद मिशन चहा प्रकरण’ आपण सर्वांनी वाचले आहे. ते मिशन मुळात कोणाचे, हे मात्र पुस्तकात नसते. तेच येथे सोप्या भाषेत मांडत आहोत.

आधी एक खुलासा. आपल्या गोव्यातील ख्रिस्ती बांधव रोमन कॅथलिक, म्हणजे पोपला मानणारे. हा लेख इंग्लंडच्या चर्चविषयी, म्हणजे अँग्लिकन पंथाविषयी आहे. दोन्हींत साम्य का दिसते, हाच खरा या गोष्टीचा विषय आहे.

इंग्लंडात नेमके काय बिनसले?

सोळाव्या शतकात, १५३४ साली, राजा आठवा हेन्री याने पोपशी संबंध तोडला आणि स्वतःच इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख झाला. पुढच्या पाच-सहा वर्षांत त्याने देशातील सगळे मठ मोडून त्यांच्या जमिनी ताब्यात घेतल्या. पुढे प्रॉटेस्टंट विचार रुजला, मूर्ती गेल्या, जुने विधी कमी झाले. बिशप राहिले, पण त्यांना नेमणार राजा, म्हणजे व्यवहारात पंतप्रधान. तीनशे वर्षे हे असे चालले.

एकोणिसाव्या शतकात अडचण उभी राहिली. १८२८ आणि १८२९ या दोन वर्षांत कायदे बदलले आणि इंग्लंडच्या चर्चबाहेरचे प्रॉटेस्टंट, तसेच रोमन कॅथलिक यांना पार्लमेंटचे दार पूर्ण उघडले. बदल न्याय्यच होता. पण आता जे या चर्चचे नाहीतच, तेही या चर्चचे कायदे करू लागणार. १८३३ साली सरकारने आयर्लंडमधील अँग्लिकन बिशपांच्या २२ जागांपैकी १० कमी करण्याचे विधेयक आणले. आयर्लंडची बहुसंख्य प्रजा रोमन कॅथलिक, त्यामुळे मूठभर अँग्लिकनांसाठी इतके बिशप कशाला, हा सरकारचा हिशेब. हिशेब म्हणून तो चुकीचा नव्हता. प्रश्न एवढाच होता की तो करायचा कोणी?

आपल्या देवस्थानांच्या महाजनांना हा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको. पोर्तुगीज अमदानीत १८८६ साली आणि पुन्हा १९३३ साली महाजनीचे नियम झाले आणि देवस्थानांवर सरकारची देखरेख आली. देवस्थानाच्या कामात मामलेदाराने कुठवर यावे, हा वाद आपल्याकडे अजूनही निघतो. इंग्लंडातला वाद त्याच जातीचा होता.

१४ जुलै १८३३ रोजी ऑक्सफर्डच्या सेंट मेरी चर्चमध्ये जॉन कीबल या पाद्र्याने प्रवचन केले आणि सरकारच्या या ढवळाढवळीला राष्ट्राचा धर्मत्याग ठरवले. ऑक्सफर्ड चळवळीचा आरंभ याच दिवसापासून मानतात. कीबलच्या बरोबरीने जॉन हेन्री न्यूमन आणि एडवर्ड पुसी हे ऑक्सफर्डचे दोन विद्वान पुढे आले. त्यातील न्यूमनचे नाव आपल्याला वेगळ्या वाटेने परिचित आहे. महात्मा गांधींना अत्यंत प्रिय असलेले ‘लीड, काइंडली लाइट’ हे प्रार्थनागीत न्यूमनचे. ते त्याने कीबलच्या प्रवचनाच्या महिनाभर आधी, इटलीहून परतताना जहाजावर लिहिले.

सहीचा अधिकार

या मंडळींनी १८३३ ते १८४१ या काळात ९० पुस्तिका काढल्या. काही चार पानी, तर काही चांगल्या जाडजूड ग्रंथाएवढ्या. त्यांचा मुख्य मुद्दा आम्ही आमच्या जुन्या व्यवसायातल्या उदाहरणाने सांगतो.

बँकेत एखाद्या अधिकाऱ्याची सही चालते, ती त्याच्या अक्षराच्या सौंदर्यामुळे नाही. वरच्या अधिकाऱ्याने त्याला अधिकार दिलेला असतो, त्याला त्याच्याही वरच्याने. प्रत्येक शाखेत नमुना सह्यांची पुस्तिका असते आणि तिच्यावरून ती साखळी पडताळता येते. साखळी तुटली तर सही कितीही सुबक असो, ड्राफ्ट वटत नाही.

न्यूमन आणि त्याचे सहकारी म्हणाले की बिशपाचा अधिकार असाच आहे. येशूने आपल्या बारा शिष्यांना तो दिला, त्यांनी पुढच्यांच्या मस्तकावर हात ठेवून दिला, आणि हातावरून हाती तो आजच्या बिशपापर्यंत आला. पंतप्रधान फार तर नेमणुकीचा कागद काढू शकतो, अधिकार देऊ शकत नाही. आपल्याकडे पर्तगाळी मठाच्या किंवा कोणत्याही पीठाच्या गुरुपरंपरेला जे महत्त्व आहे, तेच हे.

एकदा परंपरा मानली की पुढची पायरी आपोआप येते. परंपरा हेन्रीच्या आधीपासूनची असेल, तर हेन्रीच्या आधीचे विधी, मठ, व्रते, कुमसार, संतांचे दिवस, हे सगळे आपलेच ठरते. मग ते टाकले कशासाठी? कुमगारात रोटी आणि द्राक्षरस ही नुसती आठवण आहे की तिथे ख्रिस्त खरोखर उपस्थित असतो? पुसीने १८४३ साली खरोखर उपस्थित असतो अशा अर्थाचे प्रवचन केले, तेव्हा विद्यापीठाने त्याला दोन वर्षे प्रवचनाची बंदी केली.

न्यूमनने शेवटच्या, नव्वदाव्या पुस्तिकेत इंग्लंडच्या चर्चची ३९ कलमे कॅथलिक अर्थानेही वाचता येतात असे दाखवले आणि गहजब झाला. पुढे त्याचे मन त्याच्याच युक्तिवादाने त्याला ओढत नेऊ लागले. साखळीच महत्त्वाची असेल तर मुळाशी का जाऊ नये? ९ ऑक्टोबर १८४५ रोजी तो रोमन कॅथलिक झाला. १८७९ साली पोपने त्याला कार्डिनल केले आणि २०१९ साली संतपद दिले. कीबल आणि पुसी मात्र शेवटपर्यंत इंग्लंडच्या चर्चमध्येच राहिले. चळवळ टिकली ती या राहिलेल्यांमुळे.

मेणबत्ती, धूप आणि तुरुंग

पहिली पिढी विद्वानांची होती. तिचा भर पुस्तकांवर आणि प्रवचनांवर होता. दुसऱ्या पिढीचे पाद्री लंडन आणि इतर औद्योगिक शहरांच्या गरीब वस्त्यांत गेले. तिथल्या कामगारांना विद्यापीठातला वाद काय कळणार? पण काळवंडलेल्या गल्लीत एक उजळलेले देऊळ, रंगीत वस्त्रे, दिवे, सुगंध, गाणे, हे त्यांना कळले. जे शब्दांनी पोहोचत नाही ते डोळ्यांनी आणि नाकाने पोहोचते. देवळात वाढलेल्या आपल्याला हे सांगायला नको.

प्रॉटेस्टंट इंग्लंडाला मात्र यात पोपचा छुपा प्रवेश दिसला. १८७४ साली पार्लमेंटने सार्वजनिक उपासनेचे नियमन करणारा कायदाच केला. वेदीवर मेणबत्त्या लावणे, धूप जाळणे, विशेष वस्त्रे घालणे, द्राक्षरसात पाणी मिसळणे अशा बाबींवरून खटले सुरू झाले. १८७७ ते १८८७ या दहा वर्षांत पाच पाद्री कोर्टाचा हुकूम न मानल्यामुळे तुरुंगात गेले. त्यांचे म्हणणे सरळ होते. देवापुढे दिवा लावावा की नाही, हे सरकारी कोर्टाने आम्हाला सांगू नये. पाद्री तुरुंगात गेलेले पाहून लोकमतच फिरले आणि कायदा हळूहळू निकामी झाला.

गोव्यात मठ बंद, इंग्लंडात मठ सुरू

याच काळात आपल्या गोव्यात काय चालले होते, हे शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहे. ३० मे १८३४ रोजी पोर्तुगालच्या उदारमतवादी सरकारने पुरुषांचे सगळे धार्मिक संघ बरखास्त केले. १८३५ साली तो हुकूम गोव्यात लागू झाला. जुन्या गोव्यातील भव्य मठ ओस पडले. सेंट ऑगस्टीनच्या मठाचे छत १८४२ साली कोसळले आणि मनोऱ्याचा मोठा भाग १९३१ साली पडला. आज तेथे उरलेला सुमारे ४६ मीटर उंचीचा अर्धा मनोरा पाहायला आपण पाहुण्यांना नेतो, तो त्या हुकुमाची खूण आहे.

म्हणजे एका कॅथलिक राजवटीने मठ मोडले, आणि जवळपास त्याच वर्षांत मठ मोडून तीनशे वर्षे झालेल्या प्रॉटेस्टंट देशात काही माणसांना पुन्हा मठ हवे झाले. १८४५ साली लंडनमध्ये पहिला अँग्लिकन भगिनीसंघ निघाला. १८४८ साली ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज या गावी सेंट मेरी संघाच्या भगिनींचा मठ सुरू झाला. १८६६ साली ऑक्सफर्डच्या काउली या भागात रिचर्ड बेन्सन याने पुरुषांचा संघ स्थापला. सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट हे त्याचे नाव, पण लोक त्यांना ‘काउली फादर्स’ म्हणत. ब्रह्मचर्य, दारिद्र्य आणि आज्ञापालन ही तीन व्रते. काउली आणि वाँटेज ही दोन गावे लक्षात ठेवावीत, कारण मराठी मुलखाशी संबंध आला तो त्यांचाच.

मुंबई आणि पुणे

काउली फादर्स १८७४ साली मुंबईत आले आणि माझगावच्या सेंट पीटर्स चर्चभोवती त्यांचे काम वाढले. वाँटेजच्या भगिनी त्यानंतर काही वर्षांतच पुण्यात आल्या. त्या वेळचे मुंबईचे बिशप मिल्न हे ऑक्सफर्डच्या कीबल कॉलेजात शिकवून आलेले, म्हणजे याच परंपरेतले. पुण्याच्या गुरुवार पेठेत पाण्याचे पाच हौद होते, त्यावरून तो भाग पंचहौद म्हणून ओळखला जाई. तिथे मिशन, शाळा, मुलींचे वसतिगृह आणि १८८०च्या दशकात होली नेम हे मोठे चर्च उभे राहिले. त्याचा विटांचा उंच घंटेचा मनोरा आजही पेठेतल्या घरांवर डोके काढून उभा आहे.

इतर मिशनरी आणि हे यांत फरक होता. अहमदनगरकडचे अमेरिकन मराठी मिशन, मुंबईतले स्कॉटिश मिशन हे प्रवचन, पुस्तक आणि शाळा यांवर भर देणारे. मूर्तिपूजा आणि कर्मकांड यांवर त्यांची कडक टीका. पंचहौदवाले मात्र स्वतःच धूप, दीप, उपवास, व्रत, संन्यास मानणारे. पुण्याच्या शास्त्रीमंडळींना हे ख्रिस्ती लोक चमत्कारिक वाटले असणार. ज्या आचाराबद्दल मिशनरी आपल्याला नावे ठेवतात, तसाच आचार हे पाळतात!

नीळकंठशास्त्री गोरे

या परंपरेत पूर्ण मुरलेला पहिला मोठा मराठी माणूस म्हणजे नीळकंठशास्त्री गोरे. जन्म १८२५ साली झाशीकडच्या एका खेड्यात, कोकणस्थ ब्राह्मण घराण्यात. वाढले काशीत, शिकले न्याय आणि वेदान्त. मिशनऱ्यांशी वाद घालून त्यांना निरुत्तर करावे म्हणून त्यांचे ग्रंथ वाचायला घेतले आणि वाचता वाचता स्वतःच विचारात पडले. १८४८ साली जौनपूर येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि नेहेम्या हे नाव धारण केले. १८६० साली त्यांनी सहा दर्शनांची चिकित्सा करणारा ‘षड्दर्शन दर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याचे लगेच इंग्रजी भाषांतर झाले. हिंदू तत्त्वज्ञान आतून जाणणाऱ्याने केलेली टीका म्हणून तो ग्रंथ अभ्यासक आजही पाहतात.

गोरे आधी प्रॉटेस्टंट वळणाच्या मिशनबरोबर होते. पण त्यांच्यातला शास्त्री प्रमाण शोधत राहिला. नुसते पुस्तक प्रमाण म्हणावे, तर त्याचा अर्थ कोणी सांगायचा? ज्याने त्याने आपल्या मनाने? पूर्वाचार्य, भाष्ये आणि गुरुपरंपरा यांच्या आधाराने विचार करणाऱ्या माणसाला ते पटणे कठीण. परंपरा हेच प्रमाण मानणारी ऑक्सफर्डची विचारसरणी त्यांना जवळची वाटली यात नवल नाही. १८७० साली ते पाद्री झाले, १८७६ साली काउली संघात उमेदवार म्हणून दाखल झाले. पण त्यांनी संघाची कायमची दीक्षा कधी घेतली नाही. साधे खाणे, साधे कपडे, अखंड वाचन आणि वाद, असे संन्याशासारखे आयुष्य काढून १८९५ साली ते मुंबईत वारले. त्यांची मुलगी एलन लक्ष्मी गोरे ही इंग्रजी भक्तिगीतांची कवयित्री म्हणून नावाजली.

पंडिता रमाबाई

१८८२ साली पती बिपिनबिहारी मेधावी यांच्या निधनानंतर रमाबाई लहानग्या मनोरमेला घेऊन पुण्यात आल्या. आर्य महिला समाज काढला, ‘स्त्रीधर्मनीति’ लिहिले. पंचहौदच्या भगिनींशी आणि गोऱ्यांशी त्यांचा परिचय याच काळातला. गोऱ्यांच्या युक्तिवादाचा आपल्यावर परिणाम झाला हे त्यांनी पुढे मान्य केले आहे. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि वाँटेजच्या मठात राहिल्या. वैद्यकीय शिक्षण घ्यायचे होते, पण कानांच्या व्याधीमुळे ते जमले नाही. २९ सप्टेंबर १८८३ रोजी तिथे त्यांचा आणि मनोरमेचा बाप्तिस्मा झाला.

मठात त्यांची पाठराखण सिस्टर जेराल्डीन यांच्याकडे होती. दोघींचे एकमेकींवर प्रेम होते. तरी लवकरच खटके उडू लागले, आणि त्यांच्या पत्रव्यवहारात ते स्पष्ट दिसतात. रमाबाई शाकाहारी. अंडे घातलेले पुडिंग त्या खाईनात. जेराल्डीनबाईंना त्यात जातीचा अभिमान दिसला. रमाबाईंचे म्हणणे, मी काय खावे हे माझे मी ठरवीन. भगिनी गळ्यात क्रूस घालत, त्यावर लॅटिन अक्षरे होती. रमाबाईंनी विचारले, हिंदुस्थानात लॅटिन कोणाला कळते? अक्षरे संस्कृत का नसावीत? लॅटिन संस्कृतपेक्षा जास्त पवित्र आहे काय? चेल्टनहॅमच्या महिला कॉलेजात त्या शिकत असताना पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याची गोष्ट निघाली, तेव्हा बिशपांनी ते अयोग्य ठरवले. ज्या बाईने कलकत्त्याच्या पंडितांच्या सभेत ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळवल्या होत्या, तिला हे सांगितले जात होते!

पुढे वाद सिद्धान्तांवर गेला. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व, चर्चची मान्यवाक्ये हे सगळे मुकाट मानावे असा आग्रह होता. चर्च सांगते म्हणून माना, तुमच्या बुद्धीची कसोटी लावू नका. रमाबाईंचे उत्तर त्यांच्या स्वभावाला शोभणारे होते. एका पुरोहितवर्गाचे जू मोठ्या कष्टाने मानेवरून उतरवून मी आले आहे, आता दुसरे चढवून घेणार नाही, असा त्याचा आशय. ख्रिस्तावरील श्रद्धा त्यांनी कधी सोडली नाही. पण ती चर्चच्या सहीशिक्क्याने आपल्याकडे येते, हे त्यांनी मानले नाही.

जेराल्डीनबाईंची बाजूही समजून घ्यायला हवी. त्यांच्या मते साखळी एका कडीला ढिली केली की सगळी सुटते. ज्या पंथासाठी त्यांच्या लोकांनी तुरुंग सोसला, तो प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे कापून शिवला तर उरणार काय? ही भीती खोटी नव्हती. पण त्यांच्यासमोर बसलेली बाई आज्ञापालनाच्या नावाखाली बायकांचे काय होते, हे पाहून आलेली होती.

१८८६ साली आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी रमाबाई अमेरिकेला गेल्या. १८८९ साली मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदासदन काढले, ते १८९० साली पुण्यात नेले. त्यानंतरचे केडगावचे मुक्तिसदन सर्वांना माहीत आहे. शारदासदनाला पैसा अमेरिकेतील मंडळींचा होता, वाँटेजचा नव्हे. म्हणजे बंधन नाकारल्याची किंमत त्यांनी दिली आणि आपले काम स्वतंत्र उभे केले.

एक कप चहा

आता ते प्रसिद्ध प्रकरण. १८९० साली आनंदीबाईंचे पती गोपाळराव जोशी यांनी पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींना पंचहौद मिशनच्या आवारात व्याख्यानाच्या निमित्ताने बोलावले. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे आली. काहींनी चहा घेतला, काहींनी कप नुसता तोंडाला लावल्यासारखे केले, काहींनी तसाच ठेवला. गोपाळरावांनी नंतर ‘पुणे वैभव’ या वर्तमानपत्रात उपस्थितांची नावे छापून आणली. सनातनी मंडळींनी गहजब केला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी झाली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचा रोष पत्करला. घरच्या माणसांना आणि बरोबरच्या मित्रांना बहिष्काराचा त्रास होऊ नये, हा त्यांचा विचार होता.

या गोष्टीतला विनोद आपण नेहमी पुण्याच्या सनातन्यांवर सोडतो. पण आवार कोणाचे होते, हे कळल्यावर तिला दुसरा रंग येतो. ज्यांच्या आवारात हा चहा झाला, त्या पंथाचे कडक लोक स्वतः उपाशीपोटीच कुमगार घ्यावा असे मानणारे. पेल्यात काय आहे, तो कोणाच्या हातचा आहे, कोणाला तो देण्याचा अधिकार आहे, यावरून त्यांच्याच देशात खटले झालेले. म्हणजे भिंतीच्या अलीकडे आणि पलीकडे दोन्हींकडे एकच समजूत होती. तोंडात जाणारा घोट हा नुसता घोट नसतो, तो माणसाला कोणत्या तरी समुदायात घेतो किंवा बाहेर काढतो. मधे अडकले ते रानड्यांसारखे लोक. त्यांना चहा हा चहा वाटत होता, पण घर आणि समाज मोडायचा नव्हता.

पुढची वाटचाल

विसाव्या शतकात या परंपरेने मराठी मातीचे बरेच काही घेतले. जॅक विन्स्लो हे अहमदनगरकडे काम करणारे इंग्रज पाद्री. कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांचा त्यांच्यावर मोठा प्रभाव होता आणि टिळकांचे इंग्रजी चरित्रही त्यांनी लिहिले. १९२२ साली त्यांनी ‘ख्रिस्त सेवा संघ’ हा आश्रम काढला, तो पुढे पुण्यात आला. खादीचा वेष, जमिनीवर बसून शाकाहारी जेवण, इंग्रज आणि हिंदी सभासदांना एकच पंगत. १९२७ साली या आश्रमात ऑक्सफर्डहून एक तरुण पाद्री आला, तो वेरियर एल्विन. पुढे तो गांधीजींच्या सहवासात गेला, शामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर गोंडांमध्ये राहिला, चर्चमधून बाहेर पडला आणि आदिवासींचा अभ्यासक म्हणून जगप्रसिद्ध झाला. रमाबाईंनी क्रूसावर संस्कृत अक्षरे मागितली होती, त्याला तेव्हा चाळीस वर्षे होऊन गेली होती.

सहीचा प्रश्न मात्र शिल्लक होता. स्वातंत्र्यानंतर उत्तर हिंदुस्थानातील प्रॉटेस्टंट पंथांनी एकत्र यावे असे ठरू लागले, तेव्हा सगळ्यात अवघड गाठ हीच. अँग्लिकन म्हणत, आमच्या बिशपांची परंपरा अखंड आहे. इतर पंथ विचारत, म्हणजे आमचे पाद्री इतकी वर्षे काय बिनसहीचे होते? वाटाघाटी अनेक वर्षे चालल्या. अखेर २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा पंथ मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाले. तोडगा असा निघाला की सर्व पंथांच्या प्रतिनिधींनी एकमेकांच्या मस्तकावर हात ठेवून प्रार्थना करावी. कोणाजवळ काय कमी होते हे माणसांनी ठरवू नये, ज्याला जे हवे ते देवाने द्यावे. कीबलच्या प्रवचनापासून १३७ वर्षांनी एक हिशेब असा जुळला. पंचहौदचे चर्च आज याच चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे पुण्यातील कॅथेड्रल आहे.

आपल्यासाठी यात काय?

आपल्या मंडळातील बऱ्याच घरांतील मुले आज मुंबई, पुणे, बंगळूर आणि परदेशात आहेत. सुटीत मांद्र्याला आली की विचारतात, पालखीला अनवाणी का जायचे? सोवळे कशाला? आपण म्हणतो, पूर्वीपासून चालत आले आहे. हे उत्तर चुकीचे नाही, पण अर्धे आहे. चालत आलेल्या गोष्टीत बळ असते, हे ऑक्सफर्डच्या लोकांनी तुरुंगात जाऊन दाखवले. विधी नुसता देखावा असता तर त्यासाठी कोणी एवढे सोसले नसते. पण मला समजावून सांगा, मग मी मानीन, असे म्हणणारी रमाबाईसारखी मुलगी घरात असेल, तर तिला गप्प बसवून परंपरा टिकत नाही. ती मुलगी निघून जाते आणि आपले घर दुसरीकडे बांधते. वाँटेजने एक रमाबाई गमावली. पुण्याने तिला त्याआधीच गमावले होते.

पुण्याला गेलात तर गुरुवार पेठेत तो मनोरा जरूर पाहा. बरोबर नातवंडे असतील तर त्यांना चहाची गोष्ट सांगा, आणि नंतर त्यांच्या मनात काय येते तेही विचारा. सभासदांपैकी कोणाच्या घरी या विषयावरील जुनी मराठी पुस्तके असतील तर मंडळाच्या वाचनालयाला वाचायला द्यावीत, ही विनंती.